माळ्यावरच्या ट्रंका

बाबा, आईला पण मोठ्याने वाचून दाखवा. फोनवर वाड्याचा विषय निघाला की काका आणि तुमचं वाजतं, म्हणून लिहूनच पाठवतेय.

काल लंडनच्या केन्सिंग्टन भागातलं १८, स्टॅफर्ड टेरेस हे जुनं घर बघून आले. बाहेरून रांगेतल्या बाकी घरांसारखंच आहे, पण आत गेलं की पाय निघत नाही. लिनली सॅम्बोर्न म्हणून 'पंच' मासिकाचा व्यंगचित्रकार, तो लग्न झाल्यावर १८७५ ला बायकोला, मॅरियनला घेऊन इथे राहायला आला, ती दोघं गेल्यावर मुलगा रॉय १९४६ पर्यंत राहिला आणि त्याने जवळजवळ काहीच हलवलं नाही, खुर्च्या, घड्याळं, चिनीमातीची भांडी सगळं जागच्या जागी. आई, तुला आवडेल असं एक सांगते. भिंतींना आधी विल्यम मॉरिस या नावाजलेल्या डिझायनरचा वॉलपेपर होता, नंतर त्यांना चामड्यासारखा दिसणारा सोनेरी कागद हवा होता पण तो महाग, मग फ्रेमच्या मागे लावलाच नाही, दिसतं तेवढ्याच भिंतीला लावला. त्यामुळे फ्रेमांमागे जुना कागद अजून तसाच आहे!

रॉयनंतर घर बहिणीकडे आणि मग भाची अ‍ॅनकडे आलं. तेव्हा व्हिक्टोरियन, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं घर म्हणजे जुनाट, पाडा, असंच सगळे म्हणायचे. तिने मात्र ओळखीच्या लोकांना घरी बोलावलं आणि १९५८ ला याच घरात व्हिक्टोरियन सोसायटी, त्या काळातल्या इमारती वाचवणारी संस्था, सुरू झाली. युस्टन स्टेशनची कमान त्यांना वाचवता आली नाही, पण सेंट पँक्रस स्टेशन, जे बघून मला दर वेळी आपलं व्हीटी आठवतं, ते वाचलं. १९८० मध्ये हे घर सरकारी कौन्सिलने विकत घेतलं आणि लोकांना बघायला खुलं केलं.

पण खरं सांगू का, नुसतं सामान राहिलं म्हणून हे घर कळत नाही. मॅरियनने वर्षानुवर्षं डायरी लिहिली, जेवायला कोण आलं, काय आणलं, आणि १८७७ ला केलेली घरातल्या सामानाची यादी पण आहे, म्हणून कुठली वस्तू कधीची ते सांगता येतं.

मला लगेच आजीच्या हिशेबाच्या वह्या आठवल्या. वाड्याचं काय करायचं ते तुम्ही आणि काका ठरवा, पण माळ्यावरच्या ट्रंका रद्दीवाल्याला देऊ नका. आणि कॉन्ट्रॅक्टर यायच्या आधी दादाला सगळ्या खोल्यांचे फोटो काढायला सांगा, माजघरातली कोनाड्यांची भिंत आणि जिन्याचा कठडा नक्की. मे मध्ये आले की वह्या मी स्वतः स्कॅन करते.

तुमची,
मनू