धक्का आता बंद

नाशिक, 20 जानेवारी

ती. आई-बाबा,
सा. न.

पोचल्याचा फोन केलाच होता. पण काही गोष्टी फोनवर काढल्या की बाबा "हो हो, बघतो" म्हणत फोन आईकडे देतात आणि आई तिळाच्या वड्या फुटल्या का ते विचारते. म्हणून लिहितेय. बाबा, आईला वाचून दाखवताना मधलं गाळू नका.

आधी तक्रार. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्याकडे ठाण्यात दुधाच्या पिशव्या घ्यायला खाली गेले, तर वॉचमनकाका म्हणाले, "ताई, आज धक्का नाही मारायचा?" मला आधी काही कळेना. मग कळलं ते असं : दर रविवारी पहाटे कौपिनेश्वराला जायचं म्हणून बाबा आणि वॉचमनकाका मागून गाडी ढकलतात, आणि फुलांची परडी मांडीवर घेऊन स्टिअरिंगवर आई! जिने आयुष्यात लायसन्स काढलं नाही ती. आणि ढकलणाऱ्याला दोन स्टेंट. हे दिवाळीपासून चाललंय आणि मी फोनवर विचारलं की "गाडी ना? मस्त आहे."

दादाने मला पढवून पाठवलं होतं की या वेळी गाडी विकायलाच लाव, यंदा 15 वर्षं होतायत, आता ती भंगारातच जाणार. ते तसं नाही. पेट्रोल गाडीला 15 वर्षांची बंदी निघाली होती ती दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागात. आपल्याकडे आरटीओत गाडी दाखवून, फिटनेस पास करून, पर्यावरण कर भरला की नोंदणी आणखी 5 वर्षं वाढते. तेव्हा बाबा, त्या काळजीने झोप घालवू नका. दादाशी मी बोलते.

आता मूळ दुखणं : सकाळी गाडी उठत नाही. तुम्ही म्हणता थंडीमुळे होतं. बाबा, ठाण्यात कसली थंडी? इथे नाशकात पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि माझी गाडी बारा वर्षांची असून पहिल्या सेल्फला उठते. गाडी "थंड" असणं म्हणजे इंजिन रात्रभर बंद असणं, स्वेटर घालावा लागणं नव्हे. मे महिन्यातही तिने हेच केलं असतं.

तुमच्या मेकॅनिकने आधी बॅटरी बदलायला लावली, मग प्लग, आणि आता सेल्फ मोटर बदला म्हणतोय. मी शुक्रवारी सकाळी मल्टिमीटर घेऊन खाली बसले तेव्हा तुम्ही हसलात, पण ऐका. गाडी बंद असताना बॅटरी 12.5 व्होल्ट. सेल्फ मारताना 10 च्या खाली गेली नाही. इंजिन चालू झाल्यावर 14.1, म्हणजे चार्जिंगही होतंय. बॅटरी किंवा सेल्फ खराब असता तर आवाज कण्हत, रखडत आला असता. आपला सेल्फ तर खुर्रखुर्र झकास फिरतो, फक्त इंजिन पकडत नाही. म्हणजे दुखणं करंटचं नाही, पेट्रोल पोचत नाही. (टर्मिनलवर पांढरी बुरशी होती, ती गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुतली, आई. तुझा सोडा तिथे गेला.) इंजिनचं तापमान सांगणारा सेन्सर बिघडला तरी सकाळी असाच त्रास होतो, पण गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या माझ्या रीडरवर त्याने हवेइतकंच तापमान दाखवलं. तोही सुटला.

मग मी एक केलं. चावी फक्त ऑन केली, सेल्फ मारला नाही. मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक गुणगुण आली आणि थांबली. तो टाकीतला पेट्रोल पंप. चावी बंद, पुन्हा ऑन, पुन्हा गुणगुण. असं तीनदा करून सेल्फ मारला आणि गाडी लगेच उठली. तुम्ही गॅलरीतून बघत होतात, आठवतंय ना? म्हणजे लाइनमधलं पेट्रोल रात्रीतून मागे उतरतं. ते धरून ठेवायला पंपात एक झडप असते, बहुतेक तीच गेलीय. इंजिनात पेट्रोल फवारणारा इंजेक्टर ठिबकत असला तरी असं होऊ शकतं.

आणि पंप का दमला, ते मात्र बाबा, तुमच्यामुळे. रागावू नका. गाडीला सीएनजीचं किट आहे, गॅस स्वस्त म्हणून पेट्रोलचा काटा कायम तळाला. डॅशबोर्डच्या खणात मला शेवटची पावती सापडली ती गणपतीतली, दोनशे रुपयांची. गाडी गॅसवर धावत असली तरी सकाळी ती उठते पेट्रोलवरच, इंजिन जरा तापलं की मग किट गॅसवर जातं. म्हणून तर ती सकाळी रुसते आणि दुपारी शहाण्यासारखी वागते. शिवाय आपल्या गाडीत गॅसवर असतानाही तो पंप फिरतच असतो, आणि त्याला थंड ठेवतं कोण, तर भोवतीचं पेट्रोल. टाकी कोरडी की पंप तापतो. वर, पडून राहिलेल्या पेट्रोलमधला पटकन उडून जाणारा हलका भाग आधी उडतो, आणि थंड इंजिनात पेट घ्यायला नेमका तोच लागतो. उरतं ते मचूळ.

शनिवारी पंपावर जाऊन 15 लिटर टाकून आणलं. रविवारी चावीची युक्ती न करता तिसऱ्या सेल्फला उठली. म्हणजे थोडा दोष शिळ्या पेट्रोलचा, थोडा झडपेचा.

तर मेकॅनिककडे जाल तेव्हा एवढंच म्हणा : "फ्युएल प्रेशर लावून बघा, गाडी बंद केल्यावर टिकतं का." सेल्फ मोटरचा विषय काढू देऊ नका. टाकी पावच्या खाली न्यायची नाही. आठवड्यातून एकदा बटण पेट्रोलवर ठेवून कळवा पुलावरून ठाणे-बेलापूर रोडने वाशीपर्यंत जाऊन या. घर ते तलावपाळी एवढ्याने बॅटरीचंही पोट भरत नाही. गॅसच्या सिलिंडरची दर 3 वर्षांची चाचणीही या मार्चमध्ये आहे, पट्टीवरची तारीख मी बघितली.

तीन सेल्फमध्ये नाही उठली, तर रिक्षा. धक्का नाही. न पेटलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर साफ करणाऱ्या कन्व्हर्टरला जाऊन तोही बिघडवतं, हे तुम्हाला पटेल म्हणून सांगितलं. मला काळजी कशाची आहे ते तुम्हाला माहीत आहे.

रविवारी निघताना आईने सेल्फचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून पाठवायचा. मी ऐकून सांगेन. "मस्त आहे" चालणार नाही.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, वॉचमनकाका म्हणाले की सेकंड गिअर टाकून क्लच नेमका कधी सोडायचा ते तुला बाबांपेक्षा चांगलं जमतं. बाबांना हे वाचून दाखवायला सांग, ते गाळतील.