पाहुणीला जरा काम करू द्या

महोदय,
धडगावात सध्या एक परदेशी स्वयंसेविका राहते. आली आहे पाड्यांवरच्या मुलांना शिकवायला, पण तिचा निम्मा वेळ सत्कारात जातो. कार्यक्रम कुणाचाही असो. शाल, नारळ, मंचावर खुर्ची आणि मग सेल्फीसाठी रांग. (माझाही एक फोटो आहे, नाकारत नाही.)

तिचा खरा दिवस कुणी पाहत नाही. पहाटे हातपंपावर बायकांबरोबर नंबर लावायचा, खचाखच भरलेल्या जीपमध्ये अर्धं अंग बाहेर ठेवून पाडा गाठायचा, वर्गात मुलं त्यांच्या पावरी बोलीत बोलतात ते टिपून घ्यायचं. उन्हाळ्यात आमचूरसाठी घरोघरी कैऱ्या सोलल्या जातात, तिथेही ती चाकू घेऊन बसली. हात आंबले, पण बायका तिच्याशी मोकळ्या बोलू लागल्या त्या तिथेच, मंचावर नव्हे.

स्वयंसेवक पाठवणाऱ्या संस्थांनाही सांगणं आहे. परदेशी व्यक्ती मुक्कामी आली की यजमानाने २४ तासांत तिच्या मुक्कामाची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरायची असते. इथे रेंज शोधत टेकडी चढावी लागते, तेव्हा ही कामं घरमालकावर ढकलू नका. पावसाळ्यात दरड कोसळून धडगावच्या वाटेवरचा चांदसैली घाट बंद होतो, हे आधी सांगा. आणि चार-सहा आठवड्यांसाठी माणसं पाठवू नका. मुलांना लळा लागतो तोवर त्यांची परतीची तारीख आलेली असते.

– एक वाचक, धडगाव (जि. नंदुरबार)