आशाताई, आमची पोर आज तीन वर्षांची झाली

ताई,

सप्रेम नमस्कार.

आज आमची पोर तीन वर्षांची झाली. तारीख तुमच्या लक्षात असणारच, कारण त्या पहाटे जळगावच्या दवाखान्यापर्यंत गाडीत तुम्ही माझ्या बायकोचा हात धरून बसला होतात. हे पत्र मी उघड लिहितोय, त्याला कारण आहे. तुम्ही जे केलंत ते सगळं आमच्या घराच्या चार भिंतींत झालं. तुम्ही गावच्या आशा कार्यकर्त्या; गावाने तुम्हाला फक्त वही आणि पिशवी घेऊन आमच्या ओट्यावर चढताना पाहिलं. आत काय चालत होतं ते लोकांना कळावं, आणि ज्यांच्या घरी दिवस भरायच्या आधी बाळ आलंय त्यांना तर नक्की कळावं, असं मला फार वाटतं.

पोर पौषाच्या थंडीत आली, दीड महिना आधी. वजन १.८ किलो. अडीच किलोच्या खालचं बाळ कमी वजनाचं धरतात, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की तिची पूर्ण मांडी माझ्या अंगठ्याएवढी आहे. दवाखान्याच्या जिन्यात एका म्हातारीने माझ्या आईला सांगितलं, सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही. आई तिथेच मटकन बसली. तुम्ही तिच्याशेजारी बसून म्हणालात, "मावशी, हे उलटं आहे. पोटात जितके दिवस जास्त, तितकं बाळ भक्कम. सातव्यातली जगतात, मग ही का नाही जगणार?" डॉक्टरांनीही पुढे तेच सांगितलं, पण आईला त्या घडीला ते तुमच्याकडून ऐकायचं होतं.

पोर काचेच्या पेटीतून घरी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही आलात. मी बाहेरून शेगडी आणून ठेवली होती. आईने धुरीसाठी ओवा आणि वावडिंग काढून ठेवलं होतं. त्या आठवड्यात रात्री पारा इतका उतरला होता की आम्ही सगळे शेतकरी केळीच्या बांधावर काडीकचरा पेटवून धूर करत होतो; कांदेबागाची, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीची, रोपं लहान होती आणि चरक्याची, म्हणजे थंडीने केळी करपण्याची, धास्ती होती. बागेला धूर देऊन वाचवतो तसंच पोरीलाही वाचवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तुम्ही शेगडी उचलायला लावलीत. धूर तिच्या फुप्फुसांना सोसणार नाही, असं सांगितलंत. मग माझ्याकडे बघून म्हणालात, "भाऊ, शर्ट काढा."

बायको टाक्यांनी आणि जागरणाने थकली होती, तिला झोप हवी होती. तुम्ही पोरीला टोपी आणि मोजे घातले, खाली लंगोट, बाकी उघडी, आणि तिला माझ्या उघड्या छातीवर उभी ठेवलीत. मान एका बाजूला, पाय बेडकासारखे दुमडलेले. वरून आईचं जुनं लुगडं गुंडाळलंत. तिचे तळवे आणि पोट हाताच्या पाठीने कसं तपासायचं ते दाखवलंत. दोन्ही कोमट असतील तर ठीक. पोट गरम आणि तळवे गार असतील तर बाळाला थंडी लागतेय. दोन्ही गार पडले तर एक मिनिटही न थांबता तुम्हाला हाक मारायची.

आमच्याकडे बाप पोराला असा छातीशी घेऊन बसत नाही. भाऊबंद दारातून डोकावून गेले, एकजण हसलाही. तुम्ही त्याला आत बोलावलंत, पोरीच्या तळव्याला हात लावायला दिलात आणि म्हणालात, "बघा, शेगडी नाही तरी किती ऊब आहे." तो गप्प झाला. पुढचे कितीतरी दिवस बायको आणि मी पाळीपाळीने तिला असं घेऊन बसलो. रात्री तिचा श्वास माझ्या श्वासाबरोबर चालायचा. नंतर वाचलं की १९७८ च्या सुमारास कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात काचेच्या पेट्या पुरेनात, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी हा उपाय काढला. आज जागतिक आरोग्य संघटना कमी वजनाच्या सगळ्या बाळांना तो द्यायला सांगते. पण बोगोटापासून चोपडा तालुक्यातल्या आमच्या माजघरापर्यंत तो आणला तो तुम्ही, ताई.

तिला ओढून पिण्याची ताकद नव्हती. काढलेलं दूध वाटी-चमच्याने कसं पाजायचं, ठसका लागला तर कसं धरायचं, हे तुम्ही बायकोला शिकवलंत. मध नाही, गुटी नाही, पाणीसुद्धा नाही. वजन दोन किलो होईपर्यंत आंघोळ नाही. माझ्या आईला हे फार जड गेलं. तिने गावातली किती बाळं तेल लावून न्हाऊ घातली असतील, याची गणती नाही. तुम्ही तिच्याशी वाद घातला नाहीत. "मावशी, दोन किलो झाली की पहिली आंघोळ तुमच्याच हातची," एवढंच म्हणालात, आणि ज्या दिवशी झोळीच्या काट्यावर दोनचा आकडा दिसला त्या दिवशी स्वतः पाणी तापवायला बसलात.

सगळ्यात मोठं काम मात्र तुम्ही डोळ्यांचं केलंत. दवाखान्याच्या कागदावर लिहिलेलं होतं, पण आमच्यापैकी कुणीच त्याला तितकं महत्त्व दिलं नसतं. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा फार आधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत व्हायला लागते. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पुऱ्या वाढलेल्या नसतात, त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर नजर जाऊ शकते, आणि बाहेरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही. वेळेत कळलं तर उपचार होतो. आमच्या घरात सव्वा महिना पाळतात. आई म्हणाली, "सव्वा महिना पोरले घरना बाहेर काढतस का?" तुम्ही म्हणालात, देवाला आपण सव्वा महिन्यानंतर जाऊ, डोळ्यांच्या डॉक्टरकडे आधी जाऊ. आणि लुगड्यात गुंडाळलेली पोर घेऊन आमच्याबरोबर तापीच्या पुलावरून जळगावला आलात. डॉक्टर म्हणाले पडदा चांगला आहे, पुन्हा एकदा दाखवा. पुन्हा दाखवला. आज ती अंगणातून रस्त्यावरचा ट्रॅक्टर बघून कुणाचा आहे ते सांगते, तेव्हा माझ्या मनात ती वाट येते.

तुमच्या कामाचे ठरलेले दिवस असतात, हे मला तुमच्या वहीतून कळलं. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. मग तीन महिने, सहा, नऊ, बारा, पंधरा. पण तुम्ही मधल्या दिवशीही यायचात. घड्याळ हातात धरून पोरीचा श्वास मोजायचात. मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त भरला तर दवाखाना, हे आम्हाला पाठ करून घेतलंत. या सगळ्याचा तुम्हाला मोबदला काय मिळतो, तेही मला आता माहीत आहे. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा गौरव केला, तेव्हा टीव्हीवर बघून आई टाळ्या वाजवत होती. त्याच आशांना मानधनासाठी मुंबईला आझाद मैदानात बसावं लागलं, हे मला चांगलं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

आता पहिल्या वाढदिवसाचं लिहितो, कारण त्या दिवशी तुम्ही सांगितलेली गोष्ट आमच्या घराने अजून सोडलेली नाही.

आमच्या गल्लीत तिच्याच आठवड्यात जन्मलेलं एक पोर आहे. तिच्या पहिल्या वाढदिवसाला ते घरभर चालत होतं. आमची अजून धरून उभी राहायला बघत होती. पाहुणे केक खाऊन जाताना एकेक बोलून गेले. कुणी म्हणालं पायात जोर नाही, कुणी म्हणालं बदामाचं तेल चोळा, कुणी कमरेला दोरा बांधायला सांगितला. बायको आत जाऊन रडली. तुम्ही उशिरा आलात, आणि सगळं ऐकून बोटांवर मोजायला बसलात. "हिची तारीख फेब्रुवारीतली होती. दीड महिना वजा करा. ही आज साडेदहा महिन्यांची आहे. साडेदहा महिन्यांचं पोर धरून उभं राहायला बघतं. मग हिचं काय चुकलं?"

दोन वर्षांपर्यंत असंच मोजायचं, तुम्ही म्हणालात. मान धरणं, बसणं, उभं राहणं, पहिला शब्द, सगळं त्या दुसऱ्या तारखेपासून. फक्त लशीला दीड महिना वजा करायचा नाही, लस जन्मतारखेवरूनच. मला आठवलं की ज्या आठवड्यात ती खरं तर जन्माला यायची होती, त्याच आठवड्यात तुम्ही तिला सहा आठवड्यांचं इंजेक्शन द्यायला नेलं होतंत. एका पोरीची दोन वयं एकाच वहीत तुम्ही सांभाळत होतात.

त्या रात्री बायको शांत झोपली. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, निंबाला झोके बांधले, पोरी गाणी म्हणायला लागल्या, आणि आमची झोक्याकडे चार पावलं चालत गेली. कुणी चोळलं नाही, कुणी दोरा बांधला नाही.

मात्र तुम्ही आम्हाला नुसता धीर दिला नाहीत, हेही लिहायला हवं. दुसऱ्या वाढदिवसाला तिला मोजके शब्द येत होते आणि दोन शब्द जोडता येत नव्हते. आम्ही सगळे म्हणालो, वेळ लागतो तिला, दीड महिना वजा करू. तुम्ही मान हलवलीत. "आता दोन वर्षं झाली, आता वजाबाकी बंद. ऐकू येतंय का ते बघायला पाहिजे." शाळा-अंगणवाडीची तपासणी करणारं पथक आलं तेव्हा तुम्ही तिला स्वतः उभं केलंत आणि कानाच्या तपासणीसाठी पुढे पाठवलंत. कान चांगले निघाले. तिथे कुणीतरी सांगितलं की घरात अहिराणी बोलू नका, पोरीचा गोंधळ होतो. तुम्ही घरी येऊन म्हणालात, अजिबात बंद करू नका. पोरगी तुमच्या तोंडातून जी बोली भरपूर ऐकेल तीच आधी बोलेल, आणि मग बाकीच्या शिकेल. आईला म्हणालात, मावशी, आता काम तुमचं.

आईने ते काम असं केलं की मला तिच्याबद्दल नव्याने माया वाटली. कळण्याची भाकरी थापताना पीठ, पाणी, तवा, चटका, प्रत्येकाचं नाव. ओट्यावर बसून कानबाईची गाणी. पोरीने एक शब्द काढला की आई त्याला दुसरा जोडून परत म्हणायची. आणि मग एक दिवस मी शेतावर निघालो, चप्पल घालत होतो, मागून आवाज आला, "बा, कथा चालना? मी बी येस." बा, कुठे चाललास? मी पण येते.

मी तिला घेऊन गेलो, ताई. त्या दिवशी शेतात काही काम झालं नाही.

आज ती काय काय करते ते तुमच्या वहीसाठी सांगतो. जिना एक पाय एक पायरी असा चढते. गोल काढते आणि त्याला चंद्र म्हणते, कधी भाकरी म्हणते. स्वतःचं नाव सांगते, गाव सांगते. "हाई काय शे?" हे दिवसभर चालतं. डाळ-बट्टी आवडते, वांग्याच्या भरताला तोंड वाकडं करते. दुसरं पोर रडलं तर जवळ जाऊन त्याच्या पाठीवर थापटते. आणि तिचा एक खेळ आहे, तो तुम्ही बघितला नसेल. आजीच्या पदराची झोळी करून त्यात बाहुली ठेवते, वर उचलते, डोळे बारीक करून बघते आणि म्हणते, "वाढनं." मग हाताच्या पाठीने बाहुलीचे तळवे तपासते. हे तिला कुणी शिकवलं नाही. घरात बोलताना ऐकलं असेल, गावात तुम्हाला करताना बघितलं असेल.

वजन सव्वातेरा किलो भरलं. चांगलंच आहे ना? मला माहीत आहे की आहे, तरी तुमच्या तोंडून ऐकायचंय.

संध्याकाळी घरी या. आई खापरावरच्या पुरणपोळ्या करतेय. केक आहेच, पण तो पोरांसाठी.

आणि एक बोलायचं आहे. मागच्या महिन्यात वरच्या आळीत कमी वजनाची जुळी आली, तेव्हा त्यांचा बाप छातीशी घ्यायला तयार नव्हता, लाजत होता. तुम्ही मला बोलावलंत, मी गेलो, शर्ट काढून एक बाळ घेऊन बसलो, आणि मग तो दुसरं घेऊन बसला. आम्ही दोघं तास-दीड तास केळीच्या भावाबद्दल बोलत होतो. यापुढे कुठल्याही घरी बापाला समजवायचं असेल तर मला हाक मारा. रात्र असली तरी चालेल, पाण्याची पाळी असली तरी चालेल. पाणी भाऊ देईल.

तुमचा,
पोरीचा बा
चोपडा तालुका, जि. जळगाव