एकाच कामाचे तीन अर्ज, तिन्ही मुदतीत ‘निकाली’

संपादक महोदय,

शासकीय कार्यालयांच्या शंभर दिवसांच्या सात कलमी कृती आराखड्याचे मूल्यमापन भारतीय गुणवत्ता परिषदेमार्फत झाले आणि २०२५ च्या महाराष्ट्र दिनी त्याचा निकाल जाहीर झाला. कार्यालयांना गुण द्यावेत आणि ते लोकांसमोर ठेवावेत, ही पद्धत स्वागतार्हच आहे. मात्र नागरिकाचे काम नेमके किती दिवसांत झाले, हे मोजण्याची आपली रीतच सदोष आहे, असे मला स्वानुभवावरून वाटते.

मुलीच्या प्रवेशासाठी मी नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राचा अर्ज केला होता. अठराव्या दिवशी ‘कागदपत्रे अपूर्ण’ एवढाच शेरा मारून तो नामंजूर झाला. कोणता कागद अपूर्ण आहे, हे कुठेच लिहिलेले नव्हते. प्रत्यक्ष गेल्यावर लिपिकाने उत्पन्नाच्या दाखल्यावर बोट ठेवले आणि रेशनकार्डावर माझे नाव वेगळ्या पद्धतीने लिहिलेले असल्याने प्रतिज्ञापत्र जोडावे लागेल, असे सांगितले. ते जोडून नवा अर्ज केला, नवा क्रमांक आणि नवी पावती घेतली. या वेळी शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या प्रतीवरील शिक्का पुसट असल्याचे कारण निघाले. वास्तविक तीच प्रत पहिल्या अर्जासोबतही होती. तिसऱ्या अर्जावर प्रमाणपत्र मिळाले, तेव्हा पहिल्या पावतीला त्रेपन्न दिवस झाले होते. कार्यालयाच्या नोंदीत मात्र हे तीन स्वतंत्र अर्ज असून तिन्ही मुदतीत निकाली निघालेले आहेत.

तो लिपिक कामचुकार नव्हता, हे मुद्दाम नमूद करते. त्याच्याकडे दोन टेबलांचा कार्यभार होता, शिवाय मतदार यादीचे काम होते. निकाली काढलेल्या अर्जांचा आकडा रोज संध्याकाळी वर कळवावा लागतो, असे तो म्हणाला. ज्या व्यवस्थेत मंजुरी आणि नामंजुरी एकाच रकान्यात मोजली जाते, तेथे दोन ओळींचे त्रुटीपत्र लिहीत बसण्यापेक्षा अर्ज परत पाठवणे सोयीचे ठरते. दोष मोजमापाचा आहे आणि त्याची किंमत फेऱ्या मारणाऱ्या माणसाला मोजावी लागते. रोजंदारीवर जाणाऱ्यासाठी एकेक फेरी म्हणजे एका दिवसाची बुडालेली मजुरी असते.

कायद्याची आपल्याकडे उणीव नाही. बदल्यांचे विनियमन व विलंबास प्रतिबंध करणाऱ्या २००५ च्या अधिनियमानुसार कर्मचाऱ्याकडे कोणतीही फाइल सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ पडून राहता कामा नये. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने तर प्रत्येक सेवेसाठी जबाबदार ठरवलेला पदनिर्देशित अधिकारी, अपिले आणि पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंतची शास्ती अशी सगळी रचना करून दिली. सेवा नाकारल्यास कारणे लेखी कळवण्याचे बंधनही घातले. पण पहिले अपील त्याच खात्यातील वरिष्ठांकडे करायचे असते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच खिडकीपाशी उभे राहावे लागणार, या धास्तीने पुष्कळ लोक अपिलाच्या वाटेला जातच नाहीत. मीही गेले नाही.

यासाठी माझी सूचना आहे, की एकाच व्यक्तीचे एकाच सेवेसाठीचे सर्व अर्ज एकत्र जोडले जावेत आणि दिवसांची मोजणी पहिल्या पावतीपासून दाखला हाती पडेपर्यंत व्हावी. सर्व त्रुटी पहिल्याच वेळी आणि लेखी कळवल्या जाव्यात. त्यानंतर नवी त्रुटी काढल्यास तिचे कारण पदनिर्देशित अधिकाऱ्याने स्वतःच्या सहीने नोंदवावे. परत पाठवलेल्या अर्जांचे प्रमाण अधिकाऱ्यांच्या वार्षिक कार्यमूल्यमापन अहवालात यावे. मात्र रिक्त पदे आणि अतिरिक्त कार्यभार यांची नोंदही त्याच पानावर असावी, म्हणजे कोणावर अन्याय होणार नाही. राज्य सेवा हक्क आयोगाने आपल्या वार्षिक अहवालात नामंजूर अर्जांचे कार्यालयनिहाय आकडे कारणांसह प्रसिद्ध केले, तर या कामाला उद्यापासूनही सुरुवात करता येईल.

आपली,
एक पालक