आईचा व्हॉल्व्ह आणि सलाईनची बाटली

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आई, इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टात 'मायट्रल' म्हणून जी झडप, म्हणजे व्हॉल्व्ह, लिहिलीय, ती हृदयाच्या डाव्या बाजूला, वरच्या आणि खालच्या कप्प्यामधे असते. ती नीट मिटत नाही, म्हणून दर ठोक्याला थोडं रक्त मागं, फुप्फुसाच्या अंगानं येतं. तुझी धाप तिथली. अंगात पाणी वाढलं की धापही वाढते, आणि पाणी धरून ठेवतं ते मीठ.

म्हणून बाबा, आधी तुम्हाला सांगतो. अशक्तपणा वाटतो म्हणून आईला सलाईन लावायला नेऊ नका. आपल्याकडं उन्हाळ्यात थकवा आला की बाटली लावायची रीतच आहे. नेहमीच्या अर्ध्या लिटरच्या नॉर्मल सलाईनमध्ये ४.५ ग्रॅम मीठ असतं. म्हणजे तिचा जवळपास अख्ख्या दिवसाचा वाटा, तोही थेट शिरेतून. फुप्फुसात पाणी भरायला तेवढं पुरू शकतं. जुलाब-उलट्या झाल्या तर गोष्ट वेगळी. तेव्हा लघवीची (अंगातलं जादा पाणी काढणारी) गोळी द्यायची की थांबवायची, हे त्याच दिवशी हार्टच्या डॉक्टरांना फोनवर विचारा.

सकाळी एका वाटीत चहाचा एक सपाट चमचा मीठ काढून ठेवा, साधारण ५ ग्रॅम. आईचं वरण-भाजी अळणी बाजूला काढायचं आणि दिवसभर त्या वाटीतलंच टाकायचं. ज्वारीच्या भाकरीला मीठ लागतच नाही, ती बिनघोर खा. घात करतात त्या खारोड्या, पापड, लोणचं अन् ठेचा. सैंधवही मीठच, उपासाला चालतं म्हणून हृदयाला चालत नाही. 'कमी सोडियम'वाल्या मिठात पोटॅशियम असतं, काही गोळ्यांसोबत ते रक्तात जास्त साठतं. न विचारता आणू नका.

वजन रोज: उठल्यावर, लघवी करून, चहाच्या आधी, त्याच काट्यावर, सपाट फरशीवर. आकडा कॅलेंडरच्या चौकटीत लिहा. २-३ दिवसांत २ किलो वाढले तर ते जेवणाचं नाही, पाण्याचं. नडगीवर अंगठा ५ सेकंद दाबून बघा. खळगा राहिला, किंवा झोपायला एका उशीच्या जागी दोन लागायला लागल्या, तर डॉक्टरांना लगेच कळवा.

गुडघ्यांसाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन आणू नका. त्या गोळ्या पाणी धरून ठेवतात आणि लघवीच्या गोळीचा जोर मोडतात. डॉक्टरांना विचारून पॅरासिटॅमॉल.

आई, मिसरी सोड. चिडशील, पण हिरड्या खराब झाल्या की तोंडातले जंतू रक्तात जाऊन झडपेवर बसू शकतात. दोन्ही वेळा मऊ ब्रश. ताप ३ दिवसांत उतरला नाही तर अँटिबायोटिकच्या आधी रक्ताचं कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) करायला सांगा, नाहीतर जंतू बऱ्याचदा सापडत नाही.

एकदम दम कोंडला, गुलाबी फेस आला किंवा चक्कर येऊन पडली, तर वाट न बघता १०८.

रात्री फोन कराल तेव्हा वजनाचा आकडा आधी सांगा, 'बरं आहे' नंतर.

तुमचा,
बाळू