आलेलं काम कुठून आलं, तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात नागपूरच्या मिहान उद्योगक्षेत्रात येणाऱ्या परदेशी कंपन्यांच्या कामावर अर्धं पान आहे. किती जागा भरल्या, किती भरणार, सगळं आहे. ते काम आधी ज्यांच्या टेबलावर होतं, त्यांच्याबद्दल एक ओळ नाही. आपल्या मुलांना गाव न सोडता नोकरी मिळते ही चांगलीच गोष्ट आहे, पण बातमी अर्धी छापली, म्हणून हे पत्र.

हे काम ‘केटी’तून, म्हणजे नॉलेज ट्रान्सफरमधून येतं: जुना माणूस नव्याला काम शिकवून सोपवतो. आपल्या बातमीत हा शब्दच नाही. अमेरिकेतल्या पुरवठादारांची बिलं चुकती करण्याचं काम घ्या. तिथल्या कर्मचाऱ्याकडून आधी सगळ्या पायऱ्या लिहून घेतात. मग तो स्क्रीनवर करून दाखवतो, त्याचं रेकॉर्डिंग होतं. पुढचे काही आठवडे इथला मुलगा नुसता बघतो, ते शॅडो. नंतर इथला करतो, तिथला बघतो, ते रिव्हर्स शॅडो. शेवटी साइन-ऑफ, म्हणजे काम नीट सोपवल्याची सही. नोकरी जाताना मिळणारे पैसे पुष्कळदा या साइन-ऑफलाच बांधलेले असतात. म्हणजे आपल्या जागी येणाऱ्याला शिकवून तयार केल्याशिवाय त्या माणसाच्या हाती ते पडत नाहीत. हे क्रूर आहे, आणि यात इथल्या मुलाचा दोष काडीचाही नाही.

एवढं करूनही काम बिघडतं, कारण लिहून घेतलेल्या पायऱ्यांत फक्त सरळ बिल असतं. खरेदी ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद आणि बिल, तिन्ही जुळलं की पैसे सोडायचे. पण अमुक पुरवठादार माल दोन खेपांत पाठवतो आणि भाडं वेगळं लावतो, हे जुन्या माणसाच्या डोक्यात असतं, कागदावर नसतं. नवा मुलगा ते बिल होल्डवर टाकतो, दहा दिवसांत पैसे दिल्यास मिळणारी 2 टक्के सूट बुडते आणि ठपका नागपूरवर येतो. केटी जून ते ऑगस्टमध्ये उरकली, तर वर्षभरात कुणाला किती पैसे दिले हे तिथल्या कर खात्याला कळवणाऱ्या 1099 फॉर्मचं, 31 जानेवारीच्या मुदतीचं काम इथे कुणी पाहिलेलंच नसतं. तेव्हा विचारायला तो माणूस कुठे असतो?

अमेरिकेतल्या 1988 च्या वॉर्न कायद्याप्रमाणे मोठ्या कंपनीला 60 दिवस आधी नोटीस द्यावी लागते, पण एका ठिकाणची किमान 50 माणसं जाणार असतील तरच. 90 दिवसांहून जास्त अंतर ठेवून वीस-वीस जणांना काढलं, की नोटीस नाही. परदेशी व्यापारामुळे काम गेलेल्यांना प्रशिक्षण आणि भत्ता देणारी सरकारी योजना होती, तीही 1 जुलै 2022 ला संपली.

आणि इथलं काम उद्या आणखी स्वस्त ठिकाणी हललं तर? 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं आणि 2025 मध्ये त्याच्या जागी लागू झालेल्या 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे: वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला काढताना महिन्याची नोटीस आणि दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार देणं बंधनकारक आहे. मुलांना खोलीत बोलावून राजीनामा लिहून घेतात तो याचसाठी. राजीनामा दिला की ती कायद्याने कामगार कपात ठरत नाही, मग हे पैसेही नाहीत. त्या दिवशी सही करू नये. पत्रावर ‘असिस्टंट मॅनेजर’ लिहिलं म्हणून कामगाराचा हा हक्क आपोआप जात नाही, प्रत्यक्ष काम काय होतं ते बघतात. नेमणूकपत्र आणि पगाराच्या स्लिपा घरी ठेवाव्यात. अर्ध्या पानात एवढं बसलं असतं.

जाता जाता, बातमीसोबत मेट्रोचा फोटो आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची 9 ते 6 ची पाळी आपल्याकडे पहाटे 3.30 ला सुटते, तिथली घड्याळं नोव्हेंबरमध्ये मागे गेली की 4.30 ला. त्या वेळी मिहानजवळच्या खापरी स्थानकाहून मेट्रो नसते. एकदा आपला वार्ताहर त्या वेळेला मिहानच्या गेटवर पाठवा.

आपला,
एक वाचक, नागपूर