गणपती झाल्यावर काय?

पुणे, कोजागिरीचा दुसरा दिवस

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "गणपती तर झाले, आता काय करतोस?" मी "आहे की काम" म्हणून वेळ मारून नेली. सोसायटीत तीस वर्षं खतावणी लिहिलेल्या माणसाला तेवढ्यावर भागवणं बरं नाही. म्हणून सगळंच लिहितो.

गणपतीच्या आधीचे सहा आठवडे ही आमची सुगी. यंदा १९ शाळांत मुलांना मातीचे गणपती करायला शिकवले. मुलामागे २५० रुपये, त्यात किलोभर शाडू माती, पाट आणि कोरणी आली. माती पेणच्या व्यापाऱ्याकडून येते आणि त्याच्याकडे गुजरातेतून. एका शाळेतल्या बाई म्हणाल्या, मूर्ती भट्टीत भाजून द्या, म्हणजे घरी नेताना मोडणार नाहीत. त्यांना सांगावं लागलं, की भाजलेली माती पुन्हा विरघळत नाही, मग गणपती बादलीत वर्षभर बसून राहील!

शिकवण्यापेक्षा जास्त डोकं खातं ते हात धुणं. पहिल्याच वर्षी एका शाळेचं बेसिन तुंबवलं आणि प्लंबरचे पैसे भरले. आता वर्गाच्या दारात तीन बादल्या ठेवतो. पहिलीत चिखल, दुसरीत गढूळ, तिसरीत बऱ्यापैकी स्वच्छ, मगच नळ. संध्याकाळी गाळ खाली बसला की वरचं पाणी ओतून माती परत घ्यायची. आई, तू पीठ वाया जाऊ द्यायची नाहीस ना, तसंच. उरलेले गोळे मात्र खडखडीत वाळवूनच भिजवावे लागतात. अर्धवट ओले टाकले तर दोन दिवसांनीही आत गाठी तशाच.

दिवाळीपर्यंत पणत्या. मग जानेवारीपर्यंत लाल माती, भांडी, प्राणी. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा, तेव्हा शून्य. एप्रिल-मेमध्ये सुट्टीतली शिबिरं. गेल्या मार्चमध्ये गाळ्याचं भाडं हिच्या पगारातून गेलं, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. एका शाळेने मागच्या नोव्हेंबरचं बिल अजून दिलेलं नाही. दर वेळी नवीन कारकून, दर वेळी "फाइल वर गेलीय". तरीही वर्षाअखेरीस खर्च वजा जाता हातात काहीतरी उरतं. जुन्या नोकरीतल्या पगाराच्या निम्म्याहून थोडं जास्त. शेतीचंही असंच होतं ना बाबा, एका हंगामावर वर्ष काढायचं?

आषाढात बेंदराला बैल करायला घेतले. चाळीसपैकी तीसेक मुलांनी बैलाला वशिंडच केलं नाही. चित्रातली परदेशी गाय पाहून केलेले बैल! मला आपल्या दारात बैल आणून देणारे कुंभारमामा आठवले, आणि आई, तू सुपातून त्यांना घातलेली ज्वारी. मी फळ्यावर वशिंड काढून दाखवलं. मागच्या बाकावरच्या एकाने खुशीत तीन लावली. ठेवू दिली.

मग भट्टीची गोष्ट. तुम्ही दिलेल्या पैशांतून घेतलेली भट्टी व्यवस्थित आहे, पण डिसेंबरमध्ये तिने मला रडवलं. एका मुलाने भरीव हत्ती केला होता, पोट मुठीएवढं. वरून वाळलेला दिसला म्हणून मी घाईने भट्टीत ठेवला. आत ओल होती. त्या पाण्याची वाफ झाली, तिला वाट मिळाली नाही आणि हत्ती फुटला. सोबत शेजारची अकरा भांडी गेली. शाळेत जाऊन मुलांसमोर कबूल केलं, की चूक माझी, हत्तीची नाही. तो मुलगा विचार करून म्हणाला, "सर, म्हणजे त्याने शू केली नव्हती!" वर्ग हसून लोळला, मीही. आता अंगठ्याहून जाड काही असलं की खालून कोरून पोकळ करतो, आठवडाभर वाळवतो आणि पहिले तीन-चार तास भट्टी शंभर अंशांच्या खालीच ठेवतो. मग सावकाश साडेनऊशेपर्यंत. एका भट्टीला पन्नास-साठ युनिट जातात, म्हणून ती पूर्ण भरल्याशिवाय लावत नाही.

बाबा, भट्टीसाठी दिलेल्या पैशांपैकी पहिले दहा हजार तुमच्या खात्यावर टाकलेत. परत पाठवू नका, हिशेब बिघडतो. आणि आई, तू बायकांना "शाळेत मास्तर आहे" म्हणून सांगतेस असं ताईकडून कळलं. सांग हवं तर, पण मास्तरांना पगार वेळेवर मिळतो. "चिखलाचे क्लास घेतो" म्हटलंस तरी मला चालेल.

एक काम आहे. ओढ्याकाठी जिथून आपण चुलीसाठी चिकण माती आणायचो, तिथली माती भाजून बघायची आहे. वाळताना किती आकसते, तडकते का, रंग कसा येतो, ते पाहीन. दिवाळीला येताना डालड्याचा एक डबा भरून आणा. एकच. बाबा, पोतं भरू नका, गुडघ्याचं नुकतंच झालंय. खणायला गड्याला पाठवा. वरचा वीतभर थर काढून खालची घ्यायला सांगा, वरच्या मातीत मुळं असतात.

तुमचा,
बाळू